जिकडे घुगऱ्या, तिकडे उदो उदो

बसा सगळे. मागचे चौघे तेवढे उभे राहा. हजेरीला तुमचा आवाज का फुटत नाही, ते मला कळलंय. काल दुपारी पोटात दुखतं म्हणून घरी गेलात आणि रात्री मरीन ड्राइव्हवर सापडलात, तेही स्वतःच्याच स्टेटसवर. टी-२० विश्वचषक जिंकून आलेल्या संघाची पाचला निघणारी मिरवणूक साडेसातनंतर हलली, गर्दीत माणसं गुदमरली, आज सकाळी रस्त्यावर चपलांचे ढीग पडले होते. त्या ढिगात कोणाची चप्पल राहिली आणि कोण आज वडिलांची घालून आलंय, तेही मला इथून दिसतंय. खोटं बोलून गेलात, त्याचं मुख्याध्यापक बघतील. माझं भांडण वेगळं आहे.

स्टेटसमध्ये तुम्ही ओरडताय काय? 'हार्दिक, हार्दिक!' बेंबीच्या देठापासून. आणि एप्रिलमध्ये, परीक्षेच्या दिवसांत, याच बाकांवर बसून त्याच हार्दिक पंड्याला काय म्हणत होतात? बोला ना. आता का मान खाली? 'छपरी' म्हणत होतात. मुलींनी हसू नका, तुमच्याही तोंडून ऐकलाय मी तो शब्द. या वर्गातल्या निम्म्या घरांवर पत्रा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. दुसऱ्याला शिवी म्हणून तेच छप्पर फेकताना जीभ जरा तरी अडखळावी.

अहमदाबादला २४ मार्च २०२४ ला आयपीएलमधली मुंबईची पहिली मॅच होती. मैदानात कुत्रा घुसला आणि प्रेक्षक त्याच्याकडे बघून हार्दिकचं नाव ओरडले. ते रील तुम्ही आठवडाभर एकमेकांना पाठवत होतात. ते लोक तरी गुजरातचे, त्यांना सोडून गेला म्हणून चिडलेले. पण १ एप्रिलला वानखेडेवर? स्वतःच्या घरच्या मैदानात, स्वतःच्या कॅप्टनची हुर्यो. नाणेफेकीला संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. आणि ज्याच्या नावाने तुमचा हा सगळा तमाशा चालला होता, त्या रोहित शर्मानेच सीमारेषेवरून हात करून लोकांना गप्प बसायला सांगितलं. बोरिवलीत वाढलेला मुलगा तो, आपल्यापासून तीन स्टेशनांवर. दिनेश लाडांच्या हाताखाली तयार झाला. त्याला जे कळतं, ते त्याच्या भक्तांना का कळू नये?

'बाई, टीम हरत होती म्हणून राग आला.' बरं. राग येऊ दे. पाच वेळा जिंकलेला संघ चौदांपैकी दहा मॅच हरतो, ८ मेला सगळ्यांच्या आधी स्पर्धेबाहेर जातो आणि शेवटी दहाव्या नंबरवर बसतो, तेव्हा राग आलाच पाहिजे. रोहितला काढून दुसऱ्याला कॅप्टन केलं ते पटलं नाही, तेही मला समजतं. मालकांना विचारायचा तो प्रश्न होता. पण तुम्ही रागावलात कशावर? मॅच कुठे हरली, हे तुमच्यापैकी एकाने तरी मांडून बघितलं का?

मी गणिताची बाई आहे, मी बघितलं. २७ मार्च, हैदराबाद. समोरच्यांनी २७७ केल्या. पहिल्या दहा षटकांत बुमराच्या हातात चेंडू किती वेळा दिला? एक षटक. देशातला सर्वांत चांगला गोलंदाज बाजूला उभा आणि चेंडू कोणाकडे, तर क्वेना माफाकाकडे. सतरा वर्षांचा पोरगा, तुमच्याहून दोन वर्षांनी मोठा, आयुष्यातली पहिली आयपीएल मॅच. चार षटकांत ६६ धावा. त्याच्यावरही तुम्ही विनोद केलेत. मग मुंबईने २४६ केल्या, म्हणजे फलंदाजांनी कसूर केली नाही, पण त्या मारामारीत हार्दिकच्या वीस चेंडूंत चोवीस. या दोन गोष्टींवर त्याला जाब विचारा, मी तुमच्या बाजूने उभी राहते. बुमराला उशिरा का आणलंस? तू एवढा सावकाश का खेळलास? हे प्रश्न कोणी विचारले? कोणी नाही. कारण त्याला मॅच बघावी लागते. शिवीला रील पुरते.

पुढे १४ एप्रिल. चेन्नईविरुद्ध शेवटचं षटक हार्दिकने स्वतः टाकलं, धोनीने चार चेंडूंत वीस धावा काढल्या. मुंबई किती धावांनी हरली? वीस. रोहित १०५ वर नाबाद आणि तरी हार. ही वजाबाकी दुसरीतलं पोर करेल. पण त्या षटकाऐवजी तुम्ही दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बोलत होतात ते हार्दिकच्या घड्याळाबद्दल.

आणि तुमच्या वह्यांची मागची पानं! वार्षिक परीक्षेच्या आधी वह्या तपासायला घेतल्या, तर प्रत्येक वहीत तोच तक्ता. राजस्थान हरलं तर, लखनौ हरलं तर, पाऊस पडला तर. सरासरीचं उदाहरण दिलं की तोंडाला फेस येतो, आणि इथे दहा संघांचे गुण बिनचूक! म्हणजे डोकं आहे. फक्त ते मी सांगितल्यावर चालत नाही. (एका वहीत बेंगळुरूचा हिशोब अगदी बरोबर होता. पहिल्या आठपैकी सात हरूनही तो संघ पुढे जाऊ शकतो, असं लिहिलेलं, आणि १८ मेला झालंही तसंच. कोणाची वही ते सांगत नाही. डोक्यात जाईल.)

आता २९ जून. बार्बाडोस, विश्वचषकाची फायनल. दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस हव्या होत्या, क्लासेन सुटला होता, आणि त्याला बाद केलं हार्दिकने. शेवटच्या षटकात सोळा हव्या, चेंडू पुन्हा त्याच्याच हातात. पहिल्याच चेंडूवर मिलर, तो सूर्याचा झेल. सात धावांनी जिंकलो. वानखेडेवर धोनीने ज्याचं शेवटचं षटक झोडलं, तोच हा माणूस आणि तेच त्याचं काम. अडीच महिन्यांत तो बदलला नाही, निकाल बदलला. आणि निकाल बदलल्याबरोबर तुम्ही चर्चगेट गाठलंत. काल त्याच वानखेडेवर, पावसात, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. तुम्हाला वाटलं, आनंदाचं. असेलही. पण एप्रिलमधल्या आरोळीबद्दल त्या हजारोंपैकी एकाने तरी मनातल्या मनात 'चुकलं' म्हटलं असेल का, एवढंच मला विचारायचंय.

गर्दीत ओरडायला हिंमत लागत नाही. आवाज कोणाचा ते कळत नाही, म्हणून तर मजा येते. एकट्याने उठून माझ्यासमोर म्हणा ना, 'बाई, मला त्याची कॅप्टनशिप पटत नाही, कारण हे.' मी ऐकून घेईन. मतभेद असेल तर वादही घालेन. पण 'कारण' या शब्दापुढे तुमची गाडी जात नाही, ती तिथेच भाईंदरच्या पुलावर सिग्नलला उभी.

तू काय पुटपुटलास? 'आम्ही खरे फॅन आहोत'? बरं झालं बोललास. काल चर्चगेटला उतरून वानखेडेकडे धावलात, तिथे जवळच महिंद्र हॉकी स्टेडियम आहे. पाहिलंत? या शहराचा हॉकीचाही संघ होता. २०१३ साली पहिल्या हॉकी इंडिया लीगमध्ये 'मुंबई मॅजिशियन्स'. पाकिस्तानी खेळाडूंवरून त्या स्टेडियमवर निदर्शनं झाली, खेळाडू परत पाठवले, घरच्या मॅच बाहेर गेल्या आणि संघ तळाला राहिला. कोणी हुर्यो केली नाही. हुर्यो करायला माणूस तर हवा! पुढे 'दबंग मुंबई' आली. २०१७ मध्ये ती फायनलला पोचली, चंदीगडला कलिंगा लान्सर्सकडून ४–१ हरली. त्यानंतर काही वर्षं लीगच बंद पडली. तुमच्यापैकी कितींना हे माहीत होतं? एकही हात नाही. टोकियोच्या ऑलिंपिकला एक्केचाळीस वर्षांनी हॉकीचं पदक आलं होतं. आपल्या त्या संघातले पाच खेळाडू सांग. पाच जाऊ दे, तीन. गोलकीपर तरी? श्रीजेश. हं, एक आला. बस खाली.

हरणाऱ्या संघाबरोबर राहणं काय असतं, ते मुंबईच्याच आयपीएल संघाने दाखवलंय, पण तेव्हा तुम्ही बालवाडीत होतात. २०१४ साली पहिल्या पाचही मॅच हरले. तेव्हाही लोक मोडीतच काढत होते. २५ मेला शेवटची साखळी मॅच वानखेडेवर राजस्थानशी. पुढे जायचं तर १९० धावा १४.३ षटकांत हव्या. कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ ठोकल्या. १४.३ षटकं झाली तेव्हा धावा १८९, रायुडू धावबाद, सगळ्यांना वाटलं संपलं. मग हिशोब आला की पुढच्या एका चेंडूवर चौकार मारला तरी चालेल. आदित्य तरेने षटकार मारला.

तोंडं उघडी ठेवून बघू नका. हेच आजचं उदाहरण आहे. वह्या काढा, मागचं नाही, पुढचं पान. १४.३ मधले ३ हे दशांश नव्हेत, चेंडू आहेत. षटकात सहा चेंडू, म्हणजे भागायचं १४.५ ने. आधी १९० भागिले १४.५ करा. मग पुढच्या चेंडूवर एक धाव काढली असती तर किती आणि चौकार मारला असता तर किती, हे दोन्ही काढा. एकीने का भागलं नसतं आणि चारने का भागलं असतं, ते खाली दोन वाक्यांत लिहा. कारणासकट. कॅल्क्युलेटर नको, मोबाइल टेबलावर आणून ठेवा. आणि मागचे चौघे, तुम्ही उभ्याउभ्याच करा.