मोचनगडाच्या पायथ्याशी

२०२५च्या जूनमध्ये शहरातल्या एका पुस्तकचर्चेत कुणीतरी विचारलं, "सध्या काय वाचताय?" मी खरं ते सांगून टाकलं. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा', जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला', नारायण धारपांची 'लुचाई' आणि शिवाजी सावंतांची 'छावा'. अध्यक्षस्थानी बसलेले समीक्षक मंद हसले. म्हणाले, "यात कादंबरी एकच आहे. बाकी वेळ घालवणं." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी सावंतांचीच 'मृत्युंजय' आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांतल्या दोघांनी ती माझ्याकडूनच नेली आणि परत केलेली नाही.

समीक्षकांचं नाव घेत नाही, कारण त्या वाक्यात त्यांचं स्वतःचं असं काही नव्हतंच. माल भालचंद्र नेमाड्यांचा, दुकान यांचं. तेव्हा भांडायचं तर थेट नेमाड्यांशीच भांडलेलं बरं.

'टीकास्वयंवर'मधली मांडणी दिवाळी अंकाच्या वाचकाला नव्यानं सांगायला नको. १८५७ची बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८६१ची हळब्यांची 'मुक्तामाला', १८७१ची गुंजीकरांची 'मोचनगड'. पहिली समाजाकडे बघते, दुसरी वाचकाला रमवते, तिसरी इतिहासात जाते. आणि पुढची सगळी मराठी कादंबरी या तीन वाटांनीच चालली. मांडणी अफाट आहे. फडके-खांडेकरांचं ओझं मराठी वाचकाच्या डोक्यावरून उतरवायला असाच घणाघात हवा होता. हेच नेमाडे काही वर्षं आमच्या मराठवाडा विद्यापीठात शिकवत होते. त्यामुळे या शहरात त्यांचं म्हणणं पुस्तकातून कमी आणि चहाच्या टेबलावरून जास्त पसरलं. पसरताना जे व्हायचं ते झालं. त्यांनी 'प्रवृत्ती' म्हटलं होतं, शिष्यांनी त्याची उतरंड केली. वर यमुना, मध्ये मोचनगड, तळाशी मुक्तामाला. पुस्तकाचं कव्हर बघायचं आणि कुठल्या पायरीवर बसवायचं ते ठरवायचं. उघडून बघायची गरज नाही.

पण मूळ 'यमुनापर्यटन' तरी किती सोवळी आहे? विधवांचे हाल तिच्यात आहेत, खरेच आहेत, अंगावर येतात. आणि शेवटी यमुना ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. लेखकाला जे पोहोचवायचं होतं तिथं त्यानं तिला पोहोचवलं. याला दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात आपण प्रचार म्हटलं असतं. म्हणजे वास्तववादाची आपली आद्य आजीबाईसुद्धा हातात पत्रक घेऊनच घराबाहेर पडली होती. मला त्याचं वावडं नाही. मात्र धारपांच्या वाचकाला 'स्वप्नाळू' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आणि खुद्द नेमाड्यांची 'हिंदू'? पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननात असतो, आणि तिथून शतकंच्या शतकं ओलांडत राहतो. झोपेत, जागेपणी, मेलेल्या माणसांशी बोलत. ही मोकळीक यमुनेकडून आलेली नाही. ती मुक्तामालेच्या माहेरची आहे. नेमाडे मोठे कादंबरीकार आहेत ते स्वतःचा नियम मोडतात म्हणून. शिष्यांना नियम तेवढा मिळाला.

तर ती चार पुस्तकं.

बोराडे त्याच वर्षी ११ फेब्रुवारीला आमच्याच शहरात गेले. त्या आठवड्यात 'पाचोळा' पुन्हा काढली. १९७१ची कादंबरी. गंगाराम शिंपी हट्टाला पेटतो आणि घराची वाताहत होते. सांगणारी त्याची बायको पारबती, तीही आपल्या मराठवाडी बोलीत. समीक्षकांच्या लेखी माझ्या यादीतली एकमेव कादंबरी ती हीच. मला मात्र या वेळी वाचताना वेगळंच जाणवलं. हिची सगळी ताकद उत्कंठेत आहे. गंगाराम माघार घेणार नाही हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं, पारबतीलाही माहीत असतं. तरी प्रत्येक वेळी 'आता तरी घेईल' असं वाटून आपण पान उलटतो, आणि तो घेत नाही. मला त्याचा इतका संताप आला की मध्ये पुस्तक मिटून भांडी घासून आले. हे बांधकाम पट्टीच्या रहस्यकथाकाराचं आहे. बोलीचं कौतुक करताना कारागिरीचं कौतुक करायला आपण विसरतो, कारण कारागिरी हा शब्द आपण 'खालच्यां'साठी राखून ठेवलाय.

नारळीकर मे महिन्यात गेले. 'वामन परत न आला'मध्ये जमिनीच्या पोटात एका नामशेष प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातल्या ज्ञानावरून एक यंत्रमानव तयार होतो, आणि तो इतका हुशार निघतो की त्याला स्वतःसारखे आणखी घडवायचे असतात. पात्रं एकमेकांना व्याख्यानं देतात, संवाद कोरडे आहेत, हे मान्य. तरीही ऐंशीच्या दशकात लिहिलेलं हे पुस्तक आज वाचताना हात थोडा गार पडतो. दिवाळीत ज्या बळीची आपण पूजा करतो त्याला पाताळात घालणाऱ्या वामनाचं नाव त्या यंत्राला देण्यात नारळीकरांनी केवढी खोच मारली आहे! छोट्या बटूला तीन पावलं जमीन द्यायला काय जातंय, हेच तर आपण सध्या यंत्रांबद्दल जगभर म्हणतोय. अशी खोच साधलेली वास्तववादी कादंबरी गेल्या काही वर्षांत माझ्या हाती लागलेली नाही. याच नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांवर नावाचं दडपण नको म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आमच्या समीक्षकांनीही कधीतरी कव्हरं काढून वाचून बघावं.

'लुचाई'बद्दल थोडक्यात. मूळ बीज स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'चं. विलायती पिशाचाला क्रूसाचा धाक असतो. ते मराठी मुलखात आलं की त्याला कशाचा धाक, हा प्रश्न धारपांना सोडवावाच लागणार होता, आणि तो सोडवताना त्यांना श्रद्धेबद्दल बरंच काही बोलावं लागतं. मी रात्री घाबरले, सकाळी हसले, दोन्हीचे पैसे वसूल झाले. उसनवारीचा आक्षेप आहेच, आणि तो रास्त आहे.

आता 'छावा'. इथवर मी नेमाड्यांशी भांडत आले. इथं निम्मं माप त्यांच्या पदरात टाकणार आहे.

बोराडे गेले त्यानंतर तिसऱ्या दिवशी, १४ फेब्रुवारीला, याच कादंबरीवरचा सिनेमा लागला. मी वाचनालयातून सावंतांची जाडजूड प्रत आणली. ती प्रत हातात घेतल्यावरच वाचकांचा इतिहास दिसतो. शेवटच्या छळाच्या पानांचे कोपरे काळे पडलेले, दुमडलेले, दोन ठिकाणी चिकटपट्टी. 'बुधभूषण' रचणारा संभाजी, कारभाऱ्यांशी झगडणारा संभाजी ज्या पानांत आहे ती कोरी करकरीत. सावंतांनी आयुष्य लिहिलं, वाचकांनी मरण वाचलं.

कादंबरीकार म्हणून सावंतांपुढची खरी अडचण १६७८ची आहे. शिवाजी महाराजांचा मुलगा दिलेरखानाच्या गोटात जातो, हे कसं सांगायचं? सिनेमा सुरूच बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासून होतो, म्हणजे १६८१पासून. त्याला ते ओझं नाही. कादंबरीला ते उचलावं लागतं. सावंतांची भाषा मला जड वाटते, विशेषणांचा चौघडा सतत वाजत असतो; पण युवराजाची घुसमट सांगताना तो चौघडा ऐकू येईनासा होतो. तिथं मला 'मोचनगड' आठवली नाही, 'पाचोळा' आठवली. हट्टी बाप, हट्टी लेक, आणि मध्ये भरडलं जाणारं घर.

एवढं असूनही नेमाड्यांचा ऐतिहासिक कादंबरीवरचा संशय मला आता पटतो, आणि कारण लेखकापेक्षा वाचकात आहे. संभाजी महाराजांची बदनामी आपल्याकडे पसरवली ती मुख्यतः बखरींनी आणि नाटकांनी. गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास'चा राग इतका साचला की २०१७च्या जानेवारीत पुण्यातल्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकला गेला. ही बदनामी पुसली कुणी? १९६०मध्ये वा. सी. बेंद्र्यांनी चरित्र लिहून, आणि पुढे कमल गोखल्यांनी 'शिवपुत्र संभाजी' लिहून. कागदपत्रं तपासत. पण बेंद्रे किती घरांत पोहोचले? घराघरांत गेला तो 'छावा'. म्हणजे खोटं कल्पितानं पसरवलं, खरं संशोधकानं शोधलं, आणि तेही पोहोचलं ते पुन्हा कल्पिताच्याच खांद्यावरून. आपण कल्पितावर विश्वास ठेवण्याची सवय काही सोडली नाही, फक्त कल्पित बदललं.

याचा परिणाम मी मार्चमध्ये पाहिला. खुलताबाद आमच्यापासून पंचवीस किलोमीटर. औरंगजेबाची उघडी कबर, जवळ सूफींचे दर्गे, आणि याच गावात आमचं शहर 'खडकी' या नावानं वसवणारा मलिक अंबरही पुरलेला. कबर हटवा म्हणून मागणी उठली, पोलीस बंदोबस्त लागला, पुरातत्त्व खात्यानं कबरीभोवती पत्रे ठोकले. नागपुरात १७ मार्चला दंगल पेटली. कादंबरीनं हे घडवलं असं म्हणणं मूर्खपणाचं होईल. राजकारणाला निमित्त लागतं आणि ते सापडतं. पण त्याच महिन्यात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणत होते. सिनेमात मोगलांचा खजिना दिसला होता म्हणून. ही बातमी मी दोनदा वाचली. धारपांची 'लुचाई' वाचून कुणी स्मशानात लाकडाची मेख घेऊन गेलेलं नाही. नारळीकरांचा वाचक पुस्तक मिटतो तेव्हा वामन पुस्तकातच राहतो. भयकथा आणि विज्ञानकथा वाचकाला पहिल्याच पानावर सांगतात की हे रचलेलं आहे. 'पाचोळा' सांगत नाही, तिला गरजही नाही. गंगाराम शिंप्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. ऐतिहासिक कादंबरी तेवढी हा करार सांगत नाही, आणि सांगितला तर खपणार नाही अशी भीती बाळगते.

म्हणून माझी उतरंड विचाराल तर ती अशी: ज्या पुस्तकाला आपण रचलेले आहोत याची लाज वाटत नाही, ते वर. या मापानं 'लुचाई' उसनी असली तरी प्रामाणिक ठरते. 'छावा' वाईट कादंबरी नाही, पण ती ज्या प्रकारात लिहिली गेली त्या प्रकारानं तिच्या वाचकाला मोकळं वाऱ्यावर सोडलं आहे.

२०२६च्या जानेवारीत साताऱ्याला ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष विश्वास पाटील. 'पानिपत', 'संभाजी' लिहिणारे, म्हणजे या प्रकारातले सगळ्यात जाणते. त्यांना आणि ऐतिहासिक कादंबऱ्या छापणाऱ्या प्रकाशकांना एक विनंती आहे. पुढच्या आवृत्तीच्या शेवटी चार पानं वाढवा. कुठला प्रसंग कागदपत्रात सापडतो, कुठला बखरीतला आहे आणि कुठला तुम्ही रात्री जागून स्वतः रचलात, ते साध्या मराठीत लिहा. पुस्तकाची किंमत दहा रुपयांनी वाढली तरी चालेल. आम्ही देऊ.