हात देणाऱ्याने आधी वाकावे

वारकरी वारकऱ्यास भेटला की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. वयाने वा विद्येने कोण मोठा, हा हिशेब तेथे कोणी करीत नाही. मग गरजवंतास मदत करण्याची वेळ आली की हा भाव कोठे जातो? तेथे देणारा ताठ उभा राहतो आणि घेणाऱ्याने तेवढे वाकावे, अशी रीत पडून गेली आहे. हा प्रश्न आम्हांस एका मायबहिणीच्या बोलण्याने पडला, म्हणून वाचकांपुढे मांडतो.

ती आमच्या दिंडीतली. नवरा वारला, पदरी दोन लेकरे, आणि कमाई काय ती मजुरीची. नाइलाजाने थोरल्याला बालगृहात ठेवले. एकादशीच्या रात्री कीर्तन आटोपल्यावर ती म्हणाली, “बुवा, पोराच्या पोटाची काळजी मिटली, खोटं कशाला बोलू? पण तीन वर्षांत चार माणसं बदलली. जो येतो तो मुळापासून विचारतो, नवरा कशानं गेला, दारू प्यायचा का, घरी कोण येतं-जातं. कागदावर सगळं लिहिलेलं असतं, तरी परत माझ्याच तोंडून ऐकायचं. पोरगं तर दिवाळीभर दाराकडं बघत बसलं. येते म्हणालेल्या बाईंची बदली झाली होती. तेवढं तरी कुणी त्याला सांगायचं होतं की!”

मग थोडे थांबून म्हणाली, “एक बाई मात्र चांगल्या होत्या. आल्या की खाली बसायच्या, चहा घ्यायच्या, तुला काय वाटतं असं विचारायच्या. पोरगं तुझंच आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली.”

दोघींचे काम एकच, कागदही तेच. मग फरक कशाचा पडला? आम्ही येथे कोणास दोष देत नाही. एकेका कार्यकर्त्याच्या माथी किती घरे असतात, हे आम्ही जाणतो. कायदाही उलटा नाही. 2015 चा बालन्याय कायदा म्हणतो की, मुलास संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. मूल कायमचे सोपवण्यास आलेल्या आईबापांना फेरविचारासाठी दोन महिने द्यावेत, असेही तो सांगतो. पण कायद्याला तोंड नसते. दारात जो माणूस उभा राहतो, तेच त्याचे तोंड.

ही गोष्ट आपल्या संप्रदायास परकी नाही. आईबाप गेल्यावर ज्ञानेश्वर माउली आणि त्यांची भावंडे पोरकी झाली, तेव्हा समाजाने त्यांच्यापाशी काय मागितले? शुद्धिपत्र! त्या एका कागदासाठी लेकरांना पैठणची वाट धरावी लागली, ही कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. आणि आज एखादे पोरके पोर दाखल्यासाठी खेटे घालते, तेव्हा आपले डोळे कोरडे राहतात. जनाबाईही लहानपणी दामाशेटींच्या घरी वाढल्या. आपल्या पंढरीतच 1875 पासून टाकलेल्या अर्भकांसाठी प्रार्थना समाजाचा बालकाश्रम उभा राहिला. देवाच्या दारी लेकरू सोडून जाणाऱ्या आईच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, हे कितीजणांनी मनात आणले?

येथे कोणी विचारील, “घरात मुलाला बेदम मार बसत असेल, तेव्हाही वाकत बसायचे काय?” शंका रास्त आहे. तेथे मूल उचललेच पाहिजे, आणि तेही तातडीने. वाकणे म्हणजे नरमाई नव्हे. तुला कोठे नेतो, का नेतो, आई केव्हा भेटेल, हे लेकराला खरेखरे सांगणे, त्याचे म्हणणे ऐकणे, आणि ठाऊक नसेल तर “ठाऊक नाही” म्हणणे, हे ते वाकणे. कठीण गोष्ट लेकरू सोसते. अंधारात ठेवलेले सोसत नाही.

आता आपण काय करावे? वाढदिवसाला पेढे घेऊन बालगृहात जायचे, मुलांना रांगेत उभे करून फोटो काढायचा आणि परत फिरायचे, हे दान नव्हे. जावयाचे तर दर महिन्यास ठरल्या दिवशी जावे, मुलांची नावे पाठ करावी, आणि येणे जमणार नसेल तर निरोप धाडावा. अठरा वर्षे पुरी होऊन जो मुलगा बाहेर पडतो, त्याला कायदा एकविसाव्या वर्षापर्यंत आधार देऊ म्हणतो. पण भाड्याची खोली आणि काम गावातल्या माणसांनीच द्यायचे असते. आपल्या शेजारचे घर मोडू लागले तर चौकटीत उभे राहून चर्चा करू नये, आत जाऊन बसावे. मूल संकटात दिसले तर 1098 हा फोन आहे, तो करावा.

त्या बाईचा मुलगा अजून बालगृहातच आहे. येत्या दिवाळीस त्याला आमच्याकडे घेऊन येऊ, असे आम्ही त्याच्या आईसमोर बोललो आहो. रीतसर परवानगीचा अर्जही दिला आहे. परवानगी मिळाली तर उत्तम. न मिळाली तर तसे सांगावयास आम्ही स्वतः त्याच्याकडे जाऊ. वारीत आपण ज्याला त्याला माउली म्हणतो. त्या शब्दाची लाज राखण्याइतके बळ पांडुरंग आम्हां सर्वांस देवो.

रामकृष्ण हरि.