सोडलेला मासा, त्याचे छायाचित्र आणि हिंसेचा प्रश्न

गळाने मासा धरायचा, हातात घेऊन त्याचे छायाचित्र काढायचे आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे, या छंदात हिंसा घडते की नाही, हा धर्मविचाराचा प्रश्न आहे. हा छंद वाढला तो युरोप-अमेरिकेतल्या थंड नद्यांवर. समुद्रातून नदीत चढून येणारा सी ट्राउट हा युरोपातला एक मानाचा मासा. भारतात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तशाच खेळासाठी महाशीर शोधला. हेन्री थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने 1873 मध्ये या मासेमारीवर पुस्तकच लिहिले. नर्मदा आणि तापी या दोन्ही नद्यांत महाशीराची एक जात आढळते. खानदेशातल्या भुसावळच्या पूर्वेला तापीवर हतनूर धरण आहे, तिथून नदी शहराजवळून पश्चिमेकडे वाहते. या पाण्यावर भोई आणि कोळी यांचे जाळे पोटासाठी पडत आले आहे. हौशी माणसाचा गळ पोटासाठी पडत नाही, आणि वाद सुरू होतो तो इथूनच.

हौशी मासेमाराचे म्हणणे सरळ असते: जीव घेतला नाही, म्हणजे पाप नाही. जैन आचारशास्त्राला हे म्हणणे पुरेसे वाटत नाही. तिथे प्रत्यक्ष घडलेली हिंसा आणि मनातली हिंसा वेगळी मोजली जाते. यासाठी शेतकरी आणि धीवर यांचा दाखला दिला जातो. नांगराखाली असंख्य जीव मरतात, पण मारण्याचा हेतू नसल्याने शेतकऱ्याला धीवराइतका दोष लागत नाही. धीवराच्या जाळ्यात दिवसभर एकही मासा सापडला नाही तरी त्याचा दोष टळत नाही. हा निवाडा धीवरावर जरा कडकच आहे, कारण त्याच्या चुलीचा हिशोब त्यात धरलेला नाही. पण सोडून देणाऱ्या हौशी माणसाला त्यातून दोन गोष्टी लागू होतात. मारण्याचा हेतू नाही, एवढी सूट त्याला मिळते. मात्र हिंसेच्या जैन व्याख्येत प्रमादाला, म्हणजे बेसावध आणि बेफिकीर वागण्याला, मध्यवर्ती जागा आहे. कॅमेरा जुळेपर्यंत मासा हवेत धरून ठेवणे ही बेफिकिरी सुटकेच्या पुण्याईने झाकली जात नाही.

याच परंपरेतली मृगसेन धीवराची कथा या विषयाच्या अगदी जवळ येते. जाळ्यात पहिला येईल तो जीव सोडून देण्याचे व्रत एका मुनीकडून त्याने घेतले. त्या दिवशी एकच मासा पाच वेळा जाळ्यात आला आणि पाचही वेळा मृगसेनाने त्याला सोडले. तोच मासा ओळखता यावा म्हणून त्याने त्याला चिंधी बांधली होती. रिकाम्या हाताने घरी गेल्यावर बायकोने दार उघडले नाही. बाहेरच सर्पदंशाने तो मेला, आणि पुढच्या जन्मी पाच जीवघेण्या संकटांतून वाचला. कथेतली चिंधी लक्षात घेण्यासारखी आहे. पकडलेल्या माशाची ओळख ठेवण्याचाच तो प्रकार, पण ती ओळख माशाच्या कामाची होती. पुन्हा सापडला तर पुन्हा सुटावा एवढ्यासाठी. आजच्या छायाचित्रात ओळख राहते ती बहुधा धरणाऱ्याची.

खानदेशात महानुभाव पंथाचा मोठा अनुयायीवर्ग आहे, आणि तिथे अहिंसेचा विचार वेगळ्या वाटेने येतो. तेराव्या शतकातल्या श्रीचक्रधरांच्या लीळांमध्ये पारध्यांच्या पाठलागातून सुटलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरतो आणि शरण आलेला जीव म्हणून स्वामी त्याला राखतात. महाभारताच्या अनुशासन पर्वात च्यवन ऋषी माशांबरोबर निषादांच्या जाळ्यात येतात आणि एवढा काळ ज्यांच्यासह पाण्यात राहिलो त्यांना टाकून एकटा सुटणार नाही, असे सांगतात. दोन्ही कथांत सोडवणारा वेगळा आणि धरणारा वेगळा. हौशी मासेमारीत दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे असतात: संकट तोच आणतो, दयाही तोच दाखवतो. अशा दयेला दया म्हणावे की केवळ केलेल्याची भरपाई? दुसरे म्हणणे अधिक खरे वाटते.

माशाला वेदना होतच नसेल तर ही चर्चा फोल ठरेल, असा आक्षेप घेता येतो. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या ओठांत मधमाशीचे विष आणि ॲसेटिक आम्ल टोचले. आम्ल टोचलेले मासे ओठ खड्यांवर घासू लागले आणि अन्नाकडे उशिरा वळले. ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ मात्र माशाच्या मेंदूत वेदना जाणवण्याजोगी रचनाच नाही असे मानतात. वाद मिटलेला नाही. कायद्याने मात्र काही ठिकाणी बाजू घेतली आहे. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात सबळ कारणाशिवाय प्राण्याला पीडा देता येत नाही, त्यामुळे केवळ सोडण्यासाठी मासा धरणे तिथे गुन्हा ठरू शकते. स्वित्झर्लंडमध्ये 2009 पासून अशीच मनाई आहे. पोटासाठी धरलेला मासा या कायद्यांना चालतो, खेळ म्हणून धरलेला चालत नाही. ‘निदान सोडून तरी देतो’ म्हणणाऱ्याला हे उफराटे वाटेल, पण त्यामागचा तर्क पक्का आहे.

छायाचित्राच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. पूर्वी पकडल्याचा पुरावा म्हणजे मेलेला मासाच असे. तो मिरवला जाई, तराजूवर चढे, पेंढा भरून भिंतीवर लागे. कॅमेऱ्याने त्या पुराव्याची गरज संपवली आणि लाखो मासे जिवंत परत गेले. घात होतो तो चित्र काढण्याच्या रीतीमुळे. गळाशी झुंजून थकलेल्या माशाला त्या क्षणी प्राणवायूची सर्वाधिक गरज असते, आणि नेमका तेव्हाच तो हवेत उचलला जातो. पाण्याबाहेर त्याचे कल्ले एकमेकांना चिकटतात आणि श्वास थांबतो. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन प्रयोगात, दमवून लगेच पाण्यात ठेवलेल्या रेनबो ट्राउटपैकी 12 टक्के मेले. 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 38 टक्के, तर 60 सेकंद धरलेल्यांपैकी 72 टक्के. सगळे मासे इतके नाजूक नसतात, आणि महाशीर ट्राउटपेक्षा काटक आहे. पण पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी. 10 अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना सुमारे साडेसातच. भुसावळचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांच्या वर जातो.

जाणत्या मासेमारांनी घालून घेतलेले नियम याच कारणांवर उभे आहेत. गळाला उलटा काटा नसावा. हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि जखमेत बुरशी शिरते. कल्ल्यांत बोट घालून मासा लोंबकळत ठेवू नये. मोठ्या माशाचे वजन त्याच्या कण्याला आणि आतड्यांना पेलत नाही. कॅमेरा आधी तयार ठेवावा, मासा पाण्यातच आडवा धरावा, आणि उचललाच तर काही सेकंदांपुरता. धर्मविचाराच्या भाषेत हे नियम प्रमाद टाळण्याचे आहेत. मासा मुळात का धरला, या प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत.

मासे पाहण्यासाठी गळ लागतोच असे नाही. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीचे म्हणून महाशीर राखले जातात. भाविक चुरमुरे टाकतात, मासे वर येतात, आणि कोणी त्यांना धरत नाही. तिथे कितीही छायाचित्रे घेतली तरी माशाचे काही बिघडत नाही.

तेव्हा निवाडा असा करता येतो. पोटासाठी मासा मारणाऱ्यापेक्षा खेळ म्हणून धरून सोडणारा आपोआप अधिक अहिंसक ठरत नाही. त्याच्याकडे कारण कमी असल्याने त्याच्यावर काळजीची जबाबदारी जास्त येते. पाण्यात ठेवून घेतलेले चित्र क्षम्य आहे, हवेत उंच धरून घेतलेल्याचे समर्थन होत नाही. आणि मे महिन्यात तापीच्या कोमट, आटलेल्या डोहात गळ टाकणाऱ्याला यांतला कोणताही नियम पुरत नाही; त्या दिवसांत नीट सोडलेला मासाही जगेल याची खात्री नसते.