आधी हेतू, मग पद्धत

आंब्याचा मोसम जवळ आला की देवगड तालुक्यातल्या बागांमध्ये राखणीला आणि काढणीला नेपाळी गडी येतात. कुणकेश्वर, मिठबाव, जामसंडे या पट्ट्यात आता त्याचे कोणाला नवल वाटत नाही. त्यांतला एखादा दोन-तीन मोसम टिकला की त्याची मालवणी ऐकत राहावी अशी होते. मालकाने ‘खय गेलंस रे?’ म्हणून हाक दिली की झाडावरून ‘हयच आसंय’ असे उत्तर येते. घाटावरून आलेल्या माणसाला उत्तर देणारा नेपाळी आहे हे चटकन कळतही नाही. या गड्याने मालवणीचे व्याकरण कधी पाहिलेले नसते. उलट अशाच एखाद्या बागायतदाराचा मुलगा पहिलीपासून इंग्रजी शिकतो, दहावीला बरे गुणही मिळवतो. पण कुणकेश्वरच्या देवळाजवळ एखाद्या परदेशी पाहुण्याने ओहोटी कधी लागते एवढे विचारले तरी त्याची बोबडी वळते.

याचे खापर आपण लगेच शिकवण्याच्या पद्धतीवर फोडतो. पद्धत बदला, पुस्तक बदला, आता ॲप बदला. पण परकी भाषा कशी शिकावी या विचाराचा गेल्या चारशे वर्षांतला प्रवास पाहिला (त्याचे काही महत्त्वाचे टप्पे याच कोकण किनाऱ्यावर पडले आहेत), तर वेगळेच काही हाती लागते. प्रत्येक पद्धत कोणत्या तरी गरजेतून जन्मली. गरज मागे पडली आणि पद्धत तेवढी पुढे चालत राहिली की घोटाळा होतो.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला आणि 1619 मध्ये मरेपर्यंत त्याचा बराचसा काळ साष्टीत गेला. त्याच्या हाताशी इथल्या भाषांचा छापील कोश नव्हता की छापील व्याकरण नव्हते. होती ती माणसे. त्यांच्यात राहून तो कोकणी आणि मराठी शिकला. 1583 साली भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनशी जुळते असे त्याने नोंदवले. भाषापंडित विल्यम जोन्सने संस्कृतविषयी हीच गोष्ट जगाला सांगितली ती त्यानंतर दोन शतकांनी. आपल्याला येणाऱ्या भाषेचा धागा नव्या भाषेत शोधणे ही शिकणाऱ्याची पहिली हुशारी, ती त्याच्यापाशी होती. दुसरी हुशारी अशी की लोक काय ऐकतात हे त्याने पाहिले. लोक पुराण ऐकत होते आणि ओवीत ऐकत होते. म्हणून राशोलला 1616 मध्ये छापलेले त्याचे क्रिस्तपुराण सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे झाले. कोकणीचे व्याकरणही त्याने रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर, 1640 मध्ये छापले गेले आणि भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून ओळखले जाते. त्याचा उपयोग मागून येणाऱ्या पाद्र्यांना. स्टीफन्सला भाषा आधी आली, व्याकरण त्यातून निघाले.

त्याची गरज धर्मप्रसाराची होती. ती आपल्याला पटो न पटो, समोरच्या माणसाच्या काळजाला हात घालायचा तर त्याच्या भाषेत शिरावे लागते, हे तिनेच त्याला शिकवले. पुढे सत्तेला तेवढा धीर राहिला नाही. 1684 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले: लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पोर्तुगीज सत्ता त्यानंतर पावणेतीनशे वर्षे टिकली, पण गोव्याच्या घरांत आजही कोकणीच बोलली जाते. हुकमाने भाषा शिकवता येत नाही, याचा इतका लांबचा प्रयोग क्वचित झाला असेल.

एकोणिसाव्या शतकात गरज बदलली. बाळशास्त्री जांभेकर याच देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, जन्म 1812 चा. मुंबईत जाऊन ते इंग्रजी शिकले. त्यांना हवी होती ती इंग्रजीतली विद्या. 6 जानेवारी 1832 ला त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी स्तंभांत छापला जाई. वृत्तपत्र म्हणून ‘दर्पण’चे महत्त्व आपण जाणतोच, पण भाषा शिकणाऱ्याच्या नजरेने ते पान पाहण्यासारखे आहे. डावीकडून उजवीकडे नजर नेली की एकच गोष्ट दोन भाषांत कशी बसते ते कळते. इथे वाक्य रटण्यासाठी बनवलेले नाही, त्यात कालची बातमी आहे. वाचणाऱ्याला ती जाणून घ्यायची आहे, म्हणून तो भाषेशी झटतो.

मग आले रामकृष्ण गोपाळ भांडारकर, जन्म 1837, मालवणचा. त्यांची संस्कृतची पहिली आणि दुसरी पुस्तके 1860च्या दशकापासून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी वापरली. धड्यात आधी नियम, मग शब्द, मग संस्कृत वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचे संस्कृत. विद्यार्थ्याने पुढे काव्ये आणि शास्त्रे वाचावीत हा हेतू, आणि त्या हेतूला ही पद्धत चपखल होती. ज्या भाषेत बाजारहाट करायचा नाही, तिच्यात नियम आणि भाषांतर यांनीच वाट सापडते. युरोपात लॅटिन अशीच शिकवत.

घोटाळा झाला तो पुढे. ग्रंथ वाचण्यासाठी घडवलेली ही रीत बोलायच्या भाषेलाही जशीच्या तशी लावली गेली. इंग्रजी शिकायची म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, काळांची कोष्टके आणि कर्तरीचे कर्मणी करणे. तिने लाखो मराठी माणसांना इंग्रजी वाचायला आणि अर्ज लिहायला शिकवले; कारकुनीच्या त्या काळात तेवढेच हवे होते. परंतु बोलण्याची अपेक्षा तिच्याकडून करणे हा तिच्यावर अन्याय होता.

युरोपात याविरुद्ध बंड झाले. 1882 मध्ये जर्मनीत व्हिल्हेल्म फिएटोरने भाषाशिक्षणाने आता उलटे फिरलेच पाहिजे अशी हाक दिली. त्याआधी 1878 मध्ये मॅक्सिमिलियन बर्लिट्झने अमेरिकेत शाळा काढली होती. सांगतात की त्याचा फ्रेंच शिकवणारा सहायक इंग्रजीचे अक्षर जाणत नव्हता. बर्लिट्झ आजारी पडला तेव्हा त्याने वस्तू दाखवत, हातवारे करत वर्ग चालवला, आणि बर्लिट्झ परत येऊन पाहतो तो मुले फ्रेंच बोलत होती. मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवणारी ही प्रत्यक्ष पद्धत आपल्याकडेही आली. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातला पी. सी. रेन तिचा पुरस्कर्ता, तिच्यावर त्याने पुस्तकही लिहिले. गंमत अशी की मराठी घरांत त्याचे नाव उरले ते ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकामुळे!

खरी कलाटणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाली, आणि ती चुकीकडे पाहण्याच्या दृष्टीत होती. 1967 मध्ये भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डरने मांडले की शिकणाऱ्याची चूक हा त्याच्या मनात घडत असलेल्या नियमाचा पुरावा आहे. बागेतला गडी सुरुवातीला ‘माजो बायल’ म्हणतो. मालवणीत बायलेसाठी ‘माजी’ येते. पण नेपाळीतला ‘मेरो’ त्याच्या ओठांवर असतो, आणि मालवणीतला पुल्लिंगी ‘माजो’ त्याला जवळचा वाटतो. त्याच्या डोक्यात नियम तयार होत आहे. तो अर्धा झाला आहे, इतकेच. मालक हसतो, ‘माजी’ म्हणतो आणि कामाचे पुढे बोलतो. लाल शाई कुठेच नाही.

1979 ते 1984 या काळात भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी बंगळूरला केलेला प्रयोग हेच वर्गात आणू पाहत होता. मुलांसमोर नकाशा किंवा गाड्यांचे वेळापत्रक ठेवायचे आणि इंग्रजीतून प्रश्न सोडवायला लावायचा. लक्ष उत्तराकडे, भाषा कामाच्या ओघात येते, असा विश्वास.

आता बागायतदाराच्या मुलाला न्याय देऊ. नेपाळी आणि मालवणी एकाच कुळातल्या, त्यांची वाक्येही एकाच वळणाची. इंग्रजीचे वळण वेगळे. गड्याच्या कानावर दिवसभर मालवणी पडते, मुलाच्या कानावर तासिकेपुरती इंग्रजी, तीही बरीचशी मराठीतून समजावलेली. 2000 साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणली तेव्हा वर्षे वाढली, पण ती ऐकण्या-बोलण्याची निकड वाढली नाही. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्येच दाखवले होते की एकदाच पाठ केलेले झपाट्याने विसरते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी टिकते. गड्याला ही उजळणी आपसूक मिळते, मुलाला फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री.

हेतू स्पष्ट असला की थोडकी भाषाही भागवते. याच किनाऱ्यावरची मुले व्यापारी जहाजांवर नोकरीला जातात. वेगवेगळ्या देशांच्या खलाशांचा एकमेकांशी गैरसमज होऊन अपघात होऊ नयेत म्हणून 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठराविक इंग्रजी वाक्यांचा संच स्वीकारला. आग लागली, माणूस पाण्यात पडला, रोख बदला: एवढ्यासाठी शेक्सपिअर लागत नाही. दुसऱ्या टोकाला विनोबा. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेकडच्या भाषा शिकल्या त्या मुख्यतः वाचनाच्या वाटेने, कारण त्यांना तिथल्या संतांची वचने मूळ भाषेतून हवी होती. खलाशाची रीत विनोबांना उपयोगाची नव्हती, विनोबांची खलाशाला नाही.

तत्त्वे म्हणून उरतात ती मोजकीच. आधी अर्थ कळेल असे भरपूर ऐकावे-वाचावे. आपल्या भाषेशी नाते शोधावे. चुकत बोलावे. उजळणी थोडी पण रोज करावी. व्याकरण प्रश्न पडल्यावर उघडावे, त्याआधी नाही. या साऱ्यांचे प्रमाण मात्र हेतूच ठरवतो. तेव्हा जर्मन, जपानी किंवा इंग्रजीच्या वर्गाचे शुल्क भरण्याआधी एक काम करा: ही भाषा मला कोणाशी, कशाविषयी बोलायची आहे, की नुसती वाचायची आहे, हे एका वाक्यात मराठीत लिहा. ते वाक्य लिहिता येत नसेल तर शुल्क भरू नका.