संतोष कोणाच्या उणिवेविषयीं?

पेरणी होऊन पाऊस लांबला म्हणजे राणीसावरगावच्या शिवारांतील शेतकरी दुबार पेरणीच्या चिंतेनें आभाळाकडे पाहतो. तेव्हां आम्ही त्यास सांगतों कीं, देवावर भाव ठेवा व संतोष धरा. बोध खरा आहे. पण बोध करणाऱ्याची कणगी भरलेली असेल, तर ऐकणाऱ्यास तो कसा पटावा?

प्रेषित पौलानें फिलिप्पै येथील मंडळीस संतोषाविषयीं लिहिलें, तेव्हां तो स्वतः बंदीत होता. संतोष आपणांस शिकावा लागला असें तो कबूल करितो. शिवाय तो संतोष त्याच्या स्वतःच्या उणिवेविषयीं होता, दुसऱ्याच्या नव्हे.

पंडिता रमाबाईंनीं तरुणपणीं, १८७० नंतरच्या दशकांत, दुष्काळांत आपले आईबाप गमाविले. पुढें त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां त्या देवावर भाव ठेवून स्वस्थ बसल्या नाहींत. भाव ठेवूनच त्या तेथें गेल्या आणि उपाशी मुली व विधवा ह्यांस आपल्या आश्रयास घेऊन आल्या. त्यांतून केडगांवचें मुक्तिसदन वाढलें.

ह्यावरून आम्हांस असें दिसतें कीं, आपल्या ताटांतील कोरड्या भाकरीविषयीं समाधान मानणें ही भक्ति होय. शेजाऱ्याच्या रिकाम्या ताटाविषयीं समाधान मानणें हें पाप होय. उद्यांची चिंता ज्यानें देवावर टाकिली, त्याचेच हात आज शेजाऱ्यासाठीं मोकळे होतात.

तर प्रिय बंधुभगिनींनो, संतोषाचा उपदेश प्रथम आपण आपणांसच करूं या, आणि शेजाऱ्याकडे जातांना पसाभर बियाणें घेऊन जाऊं या.