जमत नाही की जमू द्यायचं नाही?

‘जमत नाही’ या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक, खरंच जमत नाही. दुसरी, जमलं असतं, पण कुणीतरी जमू द्यायचं नाही असं ठरवलंय. ऐकताना दोन्ही सारखंच वाटतं. यातला फरक मला ज्या वस्तूमुळे नीट कळला, ती वस्तू म्हणजे एसएसडीचं ॲडॉप्टर.

२०१३ ते २०१७ या काळातल्या मॅकबुक एअरमध्ये एसएसडी काढता-घालता येते, पण तिचा कनेक्टर ॲपलचा स्वतःचा. बाजारात सर्रास मिळणारी एम.२ एसएसडी तिथे बसत नाही. मग मध्ये एक इवलीशी पट्टी घालायची. ही पट्टी उजेडात धरून बघा. तिच्यावर भाषांतर करणारी चिप नाही. तांब्याच्या रेषा आहेत, इकडची पिन तिकडच्या पिनेला जोडणाऱ्या. कारण दोन्ही बाजू आधीपासून एकाच पद्धतीने बोलतात, पीसीआय एक्सप्रेसने. फरक होता तो फक्त खाचेच्या आकाराचा.

याच्या उलट, तीच एसएसडी यूएसबीला लावायची डबी उघडून बघा. तिच्यात एक ब्रिज चिप असते, कारण तिथे खरंच दोन भाषा आहेत आणि मध्ये दुभाषा लागतो. तिथलं ‘थेट जमत नाही’ हे प्रामाणिक असतं.

म्हणून ॲडॉप्टर माझ्या लेखी साक्षीदार आहे. त्याच्या पोटात काय आहे यावरून कळतं, की अडचण निसर्गाची होती की निर्णयाची.

पण निर्णय म्हटला की तो वाईटच, असं नाही. २०१३ च्या मध्यावर एम.२ बाजारात रुळलेलं नव्हतं. पातळ लॅपटॉप बनवणाऱ्याने तेव्हा स्वतःची खाच बनवली, यात कपट शोधायची गरज नाही. शिवाय नुसती पट्टी घालून भागतही नव्हतं. आजच्या एसएसडी ज्या एनव्हीएमई पद्धतीने चालतात, ती मॅकओएसला २०१७ च्या हाय सिएरापासून नीट समजू लागली, तेव्हा कुठे हा जुगाड सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. तरीही काही जुनी मॉडेल्स झोपेतून उठताना अडखळतात. जोडणं म्हणजे सगळं सुरळीत होणं नव्हे.

आणि आकार सारखा असला म्हणजे जमेलच, असंही नाही. एम.२ ची साटा एसएसडी फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या खाचेत अगदी व्यवस्थित बसते. स्क्रूही लागतो. पण कॉम्प्युटरला ती दिसत नाही. इथे दुकानदार ‘नाही चालणार’ म्हणाला तर तो खरं बोलतोय. म्हणजे माझी तक्रार नकाराबद्दल नाही, खोट्या नकाराबद्दल आहे.

मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डाची जी लांब खाच असते, तिच्यात सोळा लेन असतात. त्यांचे चार-चारचे चार भाग केले, तर एका साध्या कार्डावर चार एसएसडी चालू शकतात. या विभागणीला बायफर्केशन म्हणतात. काही बोर्डांवर अशी विभागणी हार्डवेअरला येते, पण बायोसच्या मेनूत तो पर्यायच ठेवलेला नसतो. नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आपल्याकडे आहे. इथे अंगण सरळ आहे, नाचणाराही तयार आहे, फक्त दाराला कुलूप आहे.

कंपनीची बाजूही आहे. दिलेला प्रत्येक पर्याय तपासावा लागतो. बिघडलं तर ग्राहक त्यांनाच फोन करणार. हे मला पटतं. पण ‘याची जबाबदारी आम्ही घेणार नाही’ आणि ‘तुम्हाला हे करताच येणार नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं म्हणायचा कंपनीला हक्क आहे. दुसरं म्हणायला तिच्याकडे कारण हवं, आणि ते कारण सांगण्याची तयारीही हवी.

आता साक्षीदारच नाहीसा होतोय. २०१८ च्या मॅकबुक एअरपासून स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं आहे. २०२२ च्या मॅक स्टुडिओत खाच आहे, पण तिच्यात बसणाऱ्या पट्टीवर फक्त मेमरी असते, कंट्रोलर मुख्य चिपमध्ये. तिथे साधी एम.२ एसएसडी कुठल्याच पट्टीने जोडता येत नाही. या रचनेचे फायदे खरे आहेत, एन्क्रिप्शन त्यातलंच एक. पण किंमत कोण मोजतो? फ्लॅश मेमरीला लिहिण्याची मर्यादा असते, ती कधीतरी झिजते. स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असेल, तर तिच्यासोबत अख्खा लॅपटॉप जातो. पहिला मालक बहुधा तोवर पुढचं मॉडेल घेऊन मोकळा झालेला असतो. फटका तिसऱ्या मालकाला बसतो, म्हणजे सेकंडहँड लॅपटॉपवर प्रोजेक्ट पूर्ण करणाऱ्या मुलीला.

या तिसऱ्या मालकाचं बनवणाऱ्यावर काही देणं लागतं का? त्याने कंपनीला एक रुपयाही दिलेला नाही. वॉरंटी, सर्व्हिस, गोड बोलणं, यातलं काहीच तो मागू शकत नाही. तरी एक गोष्ट त्याची आहे असं मला वाटतं: विनाकारण दार बंद न करणं. दार उघडून देणं हा उपकार असेल, पण कारण नसताना ते चिणून टाकणं हा अन्यायच. आपल्यामागून येणाऱ्या, आपण कधीही न भेटणाऱ्या माणसाबाबत इतकं किमान कर्तव्य उरतंच.

हे फक्त कंपन्यांना लागू नाही. काउंटरवर बसून ‘सिस्टम घेत नाहीये’ म्हणणाऱ्यालाही लागू आहे, नवख्याला ‘आपल्याकडे असं करत नाहीत’ सांगणाऱ्या सिनिअरलाही, आणि घरात ‘ते शक्यच नाही’ म्हणणाऱ्या आपल्यालाही. दर वेळी विचारता येईल: इथे खरंच दोन भाषा आहेत, की नुसता खाचेचा आकार वेगळा आहे?