चौदाव्या रात्रीच्या चंद्राला साक्षीदार कशाला?

ईदच्या चंद्राला साक्षीदार लागतात. एकोणतिसाव्या रोजाचा इफ्तार झाला की अर्धे गाव गच्च्यांवर चढते. कुणाला ढगाच्या कडेला कोर दिसते, कुणाला दिसत नाही. मग रूयत-ए-हिलाल कमिटीपुढे दिसल्याचे सांगणाऱ्याला विचारले जाते, कुठे दिसला, किती वेळ दिसला, तुझ्याबरोबर आणखी कोण होते? चौदाव्या रात्रीच्या चंद्राबद्दल असले काही विचारावे लागत नाही. तो सगळ्यांनाच दिसतो. निदान आमचा तसा समज होता.

आम्ही नाशिक जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. निफाडच्या बाजूची थंडी वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. द्राक्षबागांना तिचा फटका बसू नये म्हणून शेतकरी बागांत शेकोट्या पेटवतात आणि तो धूर वर न जाता गावावर सपाट पसरून राहतो. ६ जानेवारी २०२३ रोजी पौष पौर्णिमा होती. त्या रात्री पूर्ण चंद्र स्वतः पाहायचा आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी त्याचा फोटो आणायचा, घरात बरा फोन नसेल तर कागदावर चित्र काढायचे, असा गृहपाठ आम्ही सातवी-आठवीच्या मुलांना दिला.

आम्ही स्वतःही जुना घेतलेला कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन गच्चीवर गेलो. हिवाळ्यातला पूर्ण चंद्र आकाशात फार उंच चढतो, कारण तो सूर्याच्या बरोबर समोर असतो आणि सूर्य त्या दिवसांत दक्षिणेकडे कललेला असतो. आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावरच येतो. मान मोडते, बोटे बधिर होतात, काचेवर दव धरते. नवशिक्याची पहिली चूक ही, की रात्र आहे म्हणून तो शटर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि त्याच्या हाती पांढरी भाकरी येते. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड आहे, त्याचा फोटो दिवसाच्याच हिशोबाने काढायचा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ११, शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. इतके करूनही ३०० मिलिमीटरच्या भिंगातून सेन्सरवर पडणारे त्याचे बिंब जेमतेम पावणेतीन मिलिमीटर भरते. शिवाय पौर्णिमेला ऊन समोरून पडत असल्यामुळे विवरांच्या सावल्या नाहीशा होतात, चंद्र सपाट दिसतो. आमच्या फोटोत काही काळसर डाग आले, बाकी धूर.

प्रदर्शनात पहिले बक्षीस आम्ही आठवीच्या एका मुलाला दिले. मामाच्या नव्या फोनवर काढलेला त्याचा चंद्र इतका स्वच्छ होता की दक्षिणेकडच्या विवरातून फुटलेल्या पांढऱ्या रेषासुद्धा मोजता याव्यात. आमच्या कॅमेऱ्याला जे जमले नाही ते खिशातल्या फोनला कसे जमले, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही, आम्ही थक्क होण्यात गुंतलो होतो. सातवीतल्या एका मुलीने पेन्सिलने काढलेले चित्र आणले होते. कडा पुसट, आत तीन-चार राखाडी ठिपके, खाली उर्दूत लिहिलेले : ‘धुआँ था, साफ नजर नहीं आया.’ तिला आम्ही म्हणालो, बेटा, निरीक्षण नीट करायला शिक.

पुढच्याच महिन्यात, मार्च २०२३ मध्ये, एक बातमी जगभर फिरली. कुणी एकाने चंद्राचा फोटो मुद्दाम पुसट करून संगणकाच्या पडद्यावर लावला आणि अंधाऱ्या खोलीत एका नामांकित कंपनीच्या फोनने त्याचा फोटो घेतला. पडद्यावर नसलेले तपशील फोनच्या फोटोत उमटले. चंद्र ओळखून त्याचे तपशील खुलवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली जाते, असे कंपनीनेही सांगितले. यात जादू काहीच नाही. चंद्र पृथ्वीकडे कायम एकच बाजू ठेवून फिरतो, त्यामुळे तो कसा दिसायला हवा हे फोनला आधीच शिकवून ठेवता येते. बातमी वाचून आम्ही तो मामाचा फोन मागवला, शाळेच्या संगणक कक्षाचे पडदे ओढले आणि तोच प्रयोग केला. धुरकट गोळ्यातून विवरे उगवली. तो मुलगा शेजारी उभा होता. म्हणाला, “सर, तो मेरा चाँद झूटा है क्या? मैंने तो खुद निकाला था.”

आम्हाला उत्तर देता आले नाही. मुलगा खोटे बोलत नव्हता. तो थंडीत उभा राहिला, त्याने फोन वर धरला, जे आले ते आणून दाखवले. काझी इयास बिन मुआविया यांची एक हकिकत जुन्या अरबी ग्रंथांत सांगितली जाते. लोक चंद्रकोर शोधत होते. शंभरीच्या घरात पोहोचलेले हजरत अनस बिन मालिक (रजि.) म्हणाले, मला दिसला, तो पाहा तिथे. दुसऱ्या कुणालाच दिसेना. इयास यांनी त्यांच्याकडे पाहिले तर भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यापुढे आला होता. त्यांनी तो हळूच बाजूला सारला आणि विचारले, आता दाखवा पाहू. अनस (रजि.) पाहत राहिले आणि म्हणाले, दिसत नाही. साक्षीदार खरा, साक्ष चुकीची. आपल्या वेळच्या या केसाची पंचाईत अशी, की तो कोरीसारखा वाकडा न दिसता हुबेहूब चंद्रासारखाच दिसतो.

मग फोटोला हातच लावायचा नाही, असे म्हणावे का? तसेही म्हणवत नाही. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचा ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हा फोटो जगप्रसिद्ध आहे. मावळत्या उन्हात उजळलेले क्रूस, मागे बर्फाचे डोंगर, वर चंद्र. ऊन सरत चालले होते आणि प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची उजळता त्यांना पाठ होती, तिच्यावरून त्यांनी हिशोब केला. पुढे त्या फोटोच्या प्रती काढताना ते वर्षानुवर्षे आकाश अधिकाधिक काळे करत गेले. म्हणजे फेरफार झालाच. पण त्यांनी तो कधी लपवला नाही, आणि चंद्र होता तिथेच राहिला. इतका, की अ‍ॅडम्स यांना स्वतःला तारीख आठवत नव्हती, ती पुढे त्या चंद्राच्या जागेवरून गणिताने काढावी लागली : १ नोव्हेंबर १९४१, सायंकाळचे ४ वाजून ४९ मिनिटे. फोटोग्राफर विसरला, त्याच्या फोटोतला चंद्र विसरला नाही. आमच्या प्रदर्शनातल्या त्या स्वच्छ चंद्राला कुणी असे काही विचारले असते, तर त्या रात्रीच्या धुराबद्दल तो एक शब्द बोलला नसता.

नानी आम्हाला सांगायची, चंद्रावर एक बुढिया चरखा कातत बसली आहे. शेजारच्या काकूंच्या चंद्रात ससा असे. दोघी एकाच गच्चीवर पापड वाळत घालताना हे सांगत आणि आम्हाला दोन्ही दिसे. नानी खोटे बोलत होती असे आम्हाला कधी वाटले नाही, आजही वाटत नाही. ती बुढिया घेऊन ती कुणापुढे शहादत द्यायला गेली नव्हती. त्या कहाणीवर कुणाचे बक्षीस ठरत नव्हते, कुणाचा रोजा सुटत नव्हता. ग्रहणाची गोष्ट मात्र वेगळी. ग्रहणात गर्भार बाईने सुरी धरली तर बाळाला व्यंग येते, हे आपल्या मोहल्ल्यांतही पाळले जाते, आणि एखाद्या घरी तसे मूल जन्मले की आयुष्यभर आईला विचारतात, त्या दिवशी भाजी कापली होतीस ना? इथे कहाणी साक्षीदाराच्या जागी येऊन बसते आणि एका बाईला गुन्हेगार ठरवते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले, या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. प्रेषितांनी (स.) लोकांना सांगितले की सूर्य आणि चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्या-जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. दुःखाच्या दिवशी, आपल्याच घराचा मोठेपणा वाढवणारी समजूत, आणि ती त्यांनी नाकारली. आपल्याला हे फार जड जाते. चंद्रावर नील आर्मस्ट्राँगने अजान ऐकली आणि तो मुसलमान झाला, हे आम्ही लहानपणी वाझमध्ये ऐकले, शिक्षक झाल्यावर वर्गातही ऐकले. आर्मस्ट्राँग यांनी ते नाकारले होते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९८३ मध्ये मुस्लिम देशांतल्या आपल्या वकिलातींनाही ते कळवले होते. आणि जिथे हवाच नाही तिथे आवाज कसा पोहोचणार, हे तर सातवीच्या धड्यातले. कॅमेरा हा शब्द अरबी ‘कमर’वरून आला, असाही एक निरोप दर रमजानात फोनवर येतो. तो लॅटिनमधून आला, अर्थ खोली. आपल्या उर्दूतला कमराही पोर्तुगीजांनी आणलेला त्याचाच भाऊ. ज्या कौमेने एका कोरीसाठी माणसाची एवढी उलटतपासणी करायचा दंडक घातला, तिने पूर्ण चंद्राबाबत इतके ढिले व्हावे?

पण दुसऱ्यांना बोलण्याचा आम्हाला अधिकार किती, हे त्याच आठवड्यात कळले. दहावीच्या प्रयोगवह्या तपासायला होत्या. पस्तीस वह्या, पस्तीस जणांची निरीक्षणे दशांश चिन्हापर्यंत सारखी. गाइडमधून उतरवलेली. आम्ही विद्यार्थी असताना हेच केले, बी.एड.च्या पाठ-टाचणात मुलांची ‘अपेक्षित उत्तरे’ पाठ घेण्याआधी लिहिली, आणि शिक्षक झाल्यावर अशा वह्यांवर लाल शाईने ‘छान’ लिहीत आलो. उत्तर ठाऊक आहे, तर पाहायचे कशाला? फोनने याहून वेगळे काय केले?

बक्षीस आम्ही परत घेतले नाही, त्या मुलाचा त्यात दोष नव्हता. सकाळच्या परिपाठात सगळी हकिकत सांगितली, निकाल देण्यात आमची चूक झाली हेही सांगितले, आणि त्या मुलीला म्हणालो, तुझे चित्र घेऊन ये, भिंतीवर लावू.

दुसऱ्या दिवशी तिने आणले. कागद तोच होता, पण पुसट कडा गेल्या होत्या. कंपासने काढलेले गच्च वर्तुळ, आत पुस्तकातून उतरवलेली विवरे, एकेक गोल, नीट रंगवलेली. धुराची ओळ खोडरबराने पुसलेली होती. “सर, आपने बोला था ना,” ती म्हणाली, “तो मैंने ठीक कर दिया.”

कागद खिडकीशी तिरपा धरला तर पेन्सिलीच्या दाबाने पडलेल्या खुणांत ‘धुआँ’ एवढे अजून वाचता येत होते.